हजेरीपटावर नसलेली माणसं

साहेब लोकांची किळस मला त्या दिवशी आली, ती अजून गेली न्हाई.

दोन हजार सालाच्या मागंपुढंची गोष्ट. मी हिंगोलीच्या एका कचेरीत शिपाई. शाळा चौथीपर्यंत. युनिक्सचं मशीन, म्हणजे कचेरीचा मोठा संगणक, आलं तेव्हा त्या खोलीत बसायला एक बाबू तयार झाला न्हाई. मग बसवायला आलेल्या इंजिनिअरनं मलाच शिकवलं. अक्षरांचे आकार ध्यानात ठेवून मी हुकूम द्यायचो. त्यानं बजावलं होतं, सगळ्यांची खाती असलेली फाईल थेट उघडायची न्हाई. व्हीआयपीडब्ल्यू हा हुकूम द्यायचा. तो फाईलीला कुलूप लावतो, म्हणजे त्याच वेळी दुसरा खरडत न्हाई. आणि मशीनच्या मालकाची, म्हणजे सगळा ताबा असलेल्या खात्याची, ओळ बिघडली तर जतनच करत न्हाई. दर शनिवारी मी त्या फाईलीची नक्कलही ठेवायचो.

नव्या साहेबानं चार्ज घेतला आणि आधी खात्यांची यादी पाहिली.

"हा रूट कोण?"

"मशीनचा मालक हाय साहेब. आन् एलपी म्हणजे छपाईचं खातं."

"हजेरीपटावर आहेत का हे?"

"न्हाईत."

"मग काढून टाका ही भुतं."

मी तोंड उघडलं तर साहेबामागं उभा असलेला एक बाबू म्हणाला, "काका, तुमी चहा सांगून या."

मी येईस्तोवर त्यानं फाईल थेट उघडून दोन्ही ओळी उडवल्या होत्या.

छपाई बंद पडली. बाहेर कळमनुरीकडच्या तांड्यावरची एक पोरगी बापासंगं सकाळपासून बसलेली. जातीचा दाखला तयार होता, कागदावर यायचा राहिला होता. कॉलेजात द्यायची तीच शेवटची तारीख, तीही पाचपर्यंत.

साहेब म्हणाले, "मशीन बंद करून चालू करा."

मी बटणापुढं उभा राहिलो. "बंद केलं तर मालक म्हणून आत जाता येणार न्हाई. हा पडदा मालकाच्या नावानं उघडा हाय, तोवरच इलाज हाय."

"तू मला शिकवणार?"

"व्हय."

"बाजूला हो."

"मग ओढा मला."

बाबू भिंतीकडं बघत राहिला. साहेबाला ओढायची लाज वाटली असंल. मी खुर्चीत बसलो, कुलूप लावून फाईल उघडली, शनिवारच्या नकलेतून दोन्ही ओळी परत आणल्या. तरी पहिला पडदा सोडला न्हाई. दुसऱ्या टर्मिनलवरून, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या पडद्यावरून, मालक म्हणून आत शिरून पाहिलं, मगच उठलो. चार वाजता दाखला निघाला. बाप मला म्हणाला, "एका कागदाला दिवस काहून लागतो तुमाला?" ते दोघं पळत सुटले, पाचच्या आत पोचले.

दुसऱ्या दिवशी मला मेमो. वरिष्ठांशी उद्धट वर्तन. बाबूनंच टाईप केला होता. साहेबाची सही ठसठशीत, खाली दोन रेघा मारलेली. उत्तर मी हातानं लिहिलं : उभा राहिलो हे खरं हाय, साहेबांनी पुन्हा तसं केलं तर पुन्हा उभा राहीन.

साहेबानं उत्तर वाचलं का न्हाई, माहीत न्हाई. मशीनच्या खोलीची चावी मात्र मागितली. मी दिली न्हाई.