दगडोबाखालचा नळ

आमच्या गावच्या बाजारात एक चिरेबंदी हौद होता आणि त्यात पाणी असलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. त्यात दुपारी शेळ्या बसत, पोरं गोट्या खेळत. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चाले. मी तिथल्या कॉलेजातून बी.ए. होऊन परतलो, गावच्या शाळेत मास्तर झालो आणि त्याच उन्हाळ्यात हौद बुजवायचं ठरलं. तिथे गुरांचा बाजार भरवायचा होता. येत्या बाजारी तहसीलदार जागा पाहायला येणार होते. त्यांनी मान हलवली की मुरूम पडणार होता.

गाव घाटाच्या पायथ्याशी, धामणगाव बढे या गावाच्या वरच्या अंगाला. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया सरली की, विहिरी तळ गाठत आणि बायका नाल्याच्या वाळूत झिरे उकरून वाटी-वाटीनं घागर भरत. माझी आई त्यांच्यातच होती. ती पहाटे गेली की ऊन चढल्यावर परत येई.

कॉलेजात आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी आम्हाला एकदा बऱ्हाणपूरला नेलं होतं. मला वाटलं, किल्ला आणि महाल पाहायला मिळतील. त्यांनी मात्र आम्हाला उन्हात माळावर उभं केलं आणि मोगलांच्या काळातल्या विहिरींची रांग दाखवली. जमिनीखालून पाणी शहरात आणलेलं होतं. ते म्हणाले, "लढाया कोण जिंकलं ते पुस्तकात आहे. शहर पाणी कुठून प्यायलं ते जमिनीत पाहा." माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या मुलाला त्यांनी तेवढ्याच आस्थेनं शिकवलं, हे ऋण मी आजही मानतो.

आमच्या गावाहून घाटाकडे गाडीवाट जाते. तिच्या कडेनं दगडांचे ढीग होते. त्यांना आम्ही दगडोबा म्हणायचो. घाट चढणारा प्रत्येक गाडीवान एक दगड वाहून म्हणे, "देवा, बैलाले सांभाळ." मीही लहानपणी कितीतरी दगड वाहिले होते. पण त्या उन्हाळ्यात मी हौदाच्या काठावर उभा राहून डोंगराकडे पाहिलं आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. वाट नाल्यापाशी वळत होती, ढीग वळत नव्हते. ते वाट सोडून शेतांमधून सरळ डोंगराकडे जात होते. जिथून कधी गाडी गेली नाही, तिथेही दगडोबा होता. त्यातल्या एका ढिगाशेजारी भर उन्हाळ्यात शिंदीची झाडं हिरवीगार होती.

वाहिलेल्या दगडांखाली आधीपासूनच काहीतरी उभं होतं. नांगराला विटा लागल्या म्हणून शेतकऱ्यांनी ती जागा सोडली असेल, वाटसरूंनी तिला देव मानलं असेल. बऱ्हाणपूर आठवलं आणि माझी खात्री पटली. हे जमिनीतल्या नळाचे उसासे होते, म्हणजे कोंडलेली हवा सुटावी म्हणून बांधलेले विटांचे पोकळ खांब. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भक्तीनं त्यांची तोंडं बुजवत आलो होतो.

मी चावडीवर जाऊन पाटलांना सांगितलं. सगळी बैठक हसली.

"मास्तर, नागपूरले हेच शिकून आले का? दगड उचलाचं?"

"पाटीलबुवा, खाली नळ आहे. शिंदीजवळचा एकच ढीग काढू द्या."

"वाह्यलेला दगड वापस घेते का बे कोणी?" पाटलांचा आवाज चढला. "उद्या कोनाचा बैल घाटात बसला, त् तू जुवाले खांदा देशील?"

पाटील दुष्ट नव्हते. ज्या देवाच्या भरवशावर लोक घाट चढत, तो मोडायला ते तयार नव्हते, एवढंच. कोपऱ्यात माझे वडील बसले होते. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि चावडीवर ते सहसा बोलत नसत. ते उठले.

"पाटीलबुवा, देव मोडाचा नाई. हालवाचा. पुरात घर गेलं का आपन देव्हारा नव्या घरात नेतो का नाई? तसा दगडोबा वाटेच्या पल्याड नेऊ. एक बी दगड कमी होऊ देत नाई."

"अन् मंग खाली काईच नाई निघालं त्?"

"त् मी एकटा सारे दगड परत आनून ठेवीन."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "नारळ मात्र तुह्या पोट्ट्याचा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. वडिलांनी पहिला दगड कपाळाला लावून उचलला, तशी माणसं रांगेत उभी राहिली. दगड हातोहात वाटेपलीकडे जाऊ लागले. गावातले एक मुसलमान गवंडी चाचा रांगेत माझ्याशेजारी होते.

"काऊन मास्टर, हात सोलले का?" त्यांनी विचारलं. "खडू धरनारे हात हायेत, हळू!"

दुपारी विटा लागल्या. पातळ, रुंद, चुन्यात बसवलेल्या. खांबाचं तोंड फुटलं होतं आणि आत दगड गच्च भरले होते. ते काढत खाली गेलो, तर तळाशी भाजक्या मातीचा नळ होता, एकाच्या तोंडात दुसरा असा जोडलेला. पुढचं तोंड दगडांनी तुंबलं होतं, म्हणून वरच्या अंगाच्या नळातून येणारं गार पाणी झिरपून शिंदीकडे जात होतं. मी ओंजळ भरून वडिलांपुढे धरली. ते पाणी प्यायले आणि पुढचा दगड उचलायला वाकले.

आता पाटीलच ओरडून माणसं बोलावू लागले. शिंदीपासून हौदापर्यंतचे सगळे दगडोबा पलीकडे गेले, खांब मोकळे झाले. मधला एक नळ पिचला होता, तो चाचांनी चुन्यानं सांधला. काम होईतो पाणी अडवायला वरच्या नळात चिंध्यांचा बोळा कोंबला होता; बाजाराच्या सकाळी तो काढला तेव्हा तहसीलदारांचा घोडा वेशीत शिरला होता.

तहसीलदार हौदाच्या काठावर आले. हौद कोरडाच होता. "काय पाटील, मुरूम कधीपासून टाकता?"

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीतल्या दगडी तोंडाकडे पाहत होतो. आतून हुक्का ओढावा तशी गुडगुड आली. मग धूळ उडाली, पाला पडला, लाल चिखल आला. आणि त्यामागून मनगटाएवढी धार सुटून हौदाच्या फरशीवर फुटली.

सारा बाजार धावला. तहसीलदारांचा बूट भिजला तरी ते मागे सरले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "हे कुणी शोधलं?"

"आमच्या मास्तरनं!" पाटील म्हणाले. "नागपूरले शिकला. आमच्या गावचा हाय."

"मग मुरूम?"

"मुरूम कायचा, साहेब? गुरं नाल्यापल्याड भरवू."

तहसीलदार हसले आणि त्यांनी मान हलवली. गर्दीतून वाट काढत आई आली. तिनं घागर सरळ धारेखाली धरली. ती भरून सांडू लागली, तरी आई उचलायला तयार नव्हती. मागच्या बायका ओरडत होत्या, "सरक न वो, आम्हाले बी घेऊ दे!"