चिंधी कुणासमोर येत नाही

आमची आत्या सोफे दुरुस्त करते. बसलेल्या स्प्रिंगा, उसवलेली गादी, तुटका हात, काहीही घेऊन या. ती आधी सोफा उलटा पाडते, त्याच्या पोटात हात घालते आणि मालकाकडे बघून म्हणते, "हाल केलेत हो बिचाऱ्याचे." काम तिनं सासऱ्यांकडून उचललं. बाईच्या हातांना बैठकीखालचे पट्टे ताणायला जमायचं नाही, असं सासरे म्हणायचे. मग एकदा तिनं त्यांच्याच आरामखुर्चीचे पट्टे असे ताणले, की म्हातारा टेकल्या टेकल्या उडाला. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

सासऱ्यांची एक सवय मात्र तिला लागली. मूठभर बारीक खिळे तोंडात धरायचे, ओठांतून एकेक पुढे काढायचा नि ठोकायचा. तिच्या पुढच्या दाताला त्यानं खाच पडलीय. तोंड भरलेलं, म्हणून काम करताना ती बोलत नाही, नुसती हुंकारते. होकाराचा हुंकार वेगळा, नकाराचा वेगळा, आणि 'आता चालती हो' याचा तर फारच वेगळा. मी तिची भाची, मला तिन्ही ओळखू येतात.

असाच एक भंगारात निघालेला सोफा तिनं उलटा पाडला, आत हात घातला आणि किंचाळली. काथ्यात मांजरीची दोन पिल्लं होती. आई बेपत्ता. डोळे उघडून बरेच दिवस झालेले, म्हणजे माणसाला भ्यायचं शिकून झालेलं. मुठीएवढा जीव, पण फिस्कारणं असं, की आत्यानं हात मागे घेतला. मग जाड कापडात गुंडाळून तिनं दोघांना बाहेर काढलं. ओरबाडलेल्या बोटांना चिंध्या बांधून ठोकाठोकी चालू ठेवली, आणि हुंकारत हुंकारत त्यांना माशाचे तुकडे चारले.

त्यांतला बोका लवकरच निर्लज्ज झाला. दिसेल त्या मांडीवर चढायचा. त्याचं नाव हातोड्या. तो माल पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याबरोबर पुढच्या सीटवर बसून गेला, तो गेलाच. राहिली ठिपक्याठिपक्यांची चिंधी. आत्याच्या पायाशी लोळायची, खांद्यावर झोपायची, हातोडीच्या आवाजात घोरायची. पण दारात परका दिसला की गायब. ती लहान होती तोवर वाटलं, सुटेल सवय. मोठी होत गेली तशी ती लपण्यात तरबेज झाली. मी इतकी वर्षं येते-जाते, माझी आणि तिच्या शेपटीचीच काय ती ओळख.

मग आत्याचा गुडघा गेला. बदलायचा, मग काही महिने लेकीकडे राहायचं, असं ठरलं. लेकीकडे वासराएवढा कुत्रा. म्हणजे चिंधीला कुणा परक्याकडेच ठेवायला हवं होतं.

"बंद दुकानात ठेवू नि कुणीतरी खायला टाकेल," मी म्हटलं.

"अगं, ती सोबतीला सोकावलीय. एकटी ठेवली तर परत रानटी होईल. सगळं माझं पाण्यात."

तारीख पुढे ढकलत आत्या लंगडत राहिली. चिंधीला बघायला माणसं येत होती. कुणी आलं की ती हातोडी खाली ठेवायची, तोंडातले खिळे वाटीत काढायची, पदरानं ओठ पुसायची. आल्या माणसासमोर तोंड भरून बसणं तिला उद्धटपणाचं वाटायचं. वर ज्याला त्याला सांगायची, "गोड बोला तिच्याशी, येईल." शेजारीण बोलली, पोस्टमन बोलला, मुलीच्या सासूबाईंनी तर गाणं म्हटलं. चिंधी कपाटामागे.

शेवटी समोरचा शिंपी आला. एकटा माणूस, मांजराची हौस. त्यानंही लाडीगोडी केली आणि घसा सुकल्यावर हात टेकले.

"ताई, तुमची मांजर आहे की अफवा?"

"आहे हो! जरा थांबा की. एवढी खुर्ची संपवते तोवर." उशीर झाला होता, मालक न्यायला येणार होता, म्हणून आत्यानं नाइलाजानं खिळे तोंडात घातले.

शिंप्याला मोकळं बसवेना. समोर खुर्चीचं कव्हर सैल टाकलेलं होतं. त्यानं खिशातून टाचण्या काढल्या, सवयीनं ओठांत धरल्या आणि कडा टाचायला लागला.

"हं?" आत्यानं विचारलं. इथून आत घेऊ का, असं.

"हंहं," शिंपी म्हणाला. नको, जरा पुढून.

असं त्यांचं बराच वेळ चाललं. ठकठक, हं, ठकठक, हंहं. मी दारात उभी होते, म्हणून मला आधी दिसलं. कपाटामागून आधी एक कान आला, मग ठिपके, मग अख्खी चिंधी. ती शिंप्याच्या पायाशी गेली, त्याची चप्पल हुंगली आणि तिच्यावर हनुवटी टेकून पसरली.

आत्यानं हातोडी वर धरली ती धरलीच. मग खिळे हातात काढून हळूच म्हणाली, "अगं बाई! माणूस आला की मीच हातोडी थांबवायची. दुकान गप्प झालं की पळायचं, हे तिला मीच शिकवलं की गं."

चिंधीनं कान टवकारले.

"हं हं हं!" शिंप्यानं दटावलं. ठोका ठोका, थांबू नका.

गुडघा बदलून झाला. काठी टेकत आत्या परत आली ती आधी शिंप्याकडे, मला घेऊन. दुकानात गिऱ्हाइकं दाटलेली, कुणी मापं देतंय, कुणी बाहीवरून भांडतंय. मशीन खडखडत होतं, आणि टेबलावर कापडाच्या ठाणावर चिंधी बसलेली, भांडण बघत.

आत्या उंबऱ्यातच थांबली. तोंडात खिळे नव्हते, तरी ओठ मिटून हुंकारली.

चिंधीनं मान वळवली. टेबलावरून उतरली आणि शेपटी काठीसारखी ताठ करून, त्या सगळ्या परक्या पायांमधून, एकालाही न बुजता, सावकाश चालत यायला लागली.

"अय्या, मांजर!" एक बाई वाकली.

"माझी आहे," आत्या म्हणाली. तिची मान चिंधीच्या शेपटीपेक्षा ताठ. "बघताय काय? वाट द्या की तिला."