गिनतीतली पटाशी

राजारामपुरीत सोमशेखर शेठांच्या लाकूडकामाच्या कारखान्यात पहिला मान आकाराम मिस्त्रीचा. वीस वर्षं खंडेनवमीला हत्यारांपुढचा नारळ त्यानंच फोडलेला. त्या एका नारळावर गडी वर्षभर छाती काढून चालायचा!

अठ्ठ्याण्णव साली शेठांनी कळंब्याच्या तुरुंगातल्या साहेबांशी बोलणं केलं. आत सुतारकी शिकलेला माणूस सुटला, की शेठांनी त्याला कामावर घ्यायचं. पहिला आला ज्ञानू, सात वर्षं काढून. मान खाली, बोलणं बेताचं. पण त्यानं बसवलेल्या सांध्यात नख म्हणून शिरायचं नाही.

गिऱ्हाइकं ज्ञानूच्याच हातचं कपाट मागू लागली आणि आकारामचा जळफळाट सुरू झाला. "आमी बापाच्या टपल्या खाऊन शिकलो, ह्यो सरकारी भाकरी खाऊन शिकला, आन् कौतुक ह्येचं!" रोज जेवताना बायकोला, बाळाबाईला, हेच ऐकवायचा.

ती म्हणायची, "मग तुमीबी जावा की कळंब्याला!"

ज्ञानूची एक खोड होती. सुट्टीआधी सगळी हत्यारं मोजायची. तुरुंगात एक जरी कमी भरलं तरी कुणाला हलू देत नाहीत, ती सवय. "बेचाळीस, जमा," म्हणायचा आणि मगच हात धुवायचा. गडी हसायचे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेठ सहज बोलून गेले, "औंदा नारळ ज्ञानूला फोडू दे."

आकारामच्या काळजात पाचर ठोकली गेली. दुपारी कुणाचं लक्ष नाहीसं बघून त्यानं एक चांगली पटाशी आपल्याच डब्याच्या पिशवीत सारली. हत्यार गेलं की बोट कुणाकडं वळणार, हे काय सांगायला पाहिजे? पण रागाच्या भरात ज्ञानूची गिनती तो पार विसरला.

"एक्केचाळीस!" सांजच्याला ज्ञानू दारात आडवा उभा राहिला. "गिनती जुळंस्तवर कुणीबी जायाचं न्हाय."

शेठ थांबले. गडी ज्ञानूकडंच टकामका बघायला लागले.

"चोराच्या उलट्या बोंबा!" आकाराम गरजला.

ज्ञानू शोधायला लागला. फळ्या हलवल्या, खुंट्यांवरच्या पिशव्या उतरवून भुशाच्या ढिगाशी ठेवल्या. आकारामची पिशवी हातात आली, तसा त्याचा हात जरा थबकला. ज्ञानू पाठमोरा झाला, खाली वाकला आणि भुसा झटकत उठला. हातात पटाशी.

"घावली. भुशात हुती. बेचाळीस, जमा."

दुसऱ्या दिवशी हत्यारांवर झेंडू चढला. शेठांनी दिलेला नारळ ज्ञानूनं आकारामच्या हातात ठेवला. "मिस्त्री, मान तुमचा. मी पावणा मानूस."

"बघा रे, केवढं मोठं मन!" शेठ म्हणाले.

नारळ आकारामनं फोडला, वाहवा ज्ञानूची झाली.

घरी बाळाबाईनं विचारलं, "घावला न्हवं मान? मग त्वांड का असं?"

आकारामनं पटाशीचं खरं ते सांगून टाकलं आणि वर धुसफुसला, "चोरी म्या केली, आन् ती लपवायचं कामबी त्येनंच माझ्यापरास सफाईनं केलं की गं!"