ईरा पहिली आली, माझ्यापाशी

आज ईराच्या ज्युनिअर केजीचा पहिला स्पोर्ट्स डे झाला. चाकणच्या कंपनीतून मी सुट्टी घेतली होती.

आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव केला. मी समोर उभी राहून म्हणायचे, "माझ्याकडे पळत ये." ती यायची.

मैदानावर पालकांना बाजूला बसवलं होतं. शिट्टी वाजली, बाकीची मुलं सरळ पळाली आणि ईरा रांग सोडून थेट माझ्याकडे आली.

शेजारी बसलेले एक बाबा म्हणाले, "ताई, तुमच्या गाडीने लेन सोडली की."

ईरा धापा टाकत म्हणाली, "मम्मा, मी पहिली आले ना?"

मी "हो" म्हणाले. बक्षिसं सोमवारी वर्गात वाटणार आहेत आणि तिने शोकेसमध्ये जागा करून ठेवली आहे. त्याआधी तिला कसं सांगू?