खळीचं पातेलं

घरात झुरळ दिसलं की माणसं घरातल्या बाईकडे बघतात. पुरुषाकडे कुणी बघत नाही. जणू झुरळं बाईच्या आळसातूनच जन्माला येतात! माझ्या मावशीनं हे बघणं बरेच महिने सोसलं. सोसलं म्हणजे गप्प राहून नव्हे. गप्प राहणं तिच्या रक्तात नाही. आम्ही भाचरं तिला माघारी 'तोफ' म्हणतो, आणि हे तिला माहीत आहे.

मी तिच्याच डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहते. त्यामुळे या लढाईचा प्रत्येक बार मी ऐकलेला आहे.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, पुस्तकबांधणी करतात. दुकान बंद करून घरी बसले तरी शाळांची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे येतच राहिली. स्वयंपाकघराला लागून एक बोळकांडी आहे, तिथं त्यांचा दाबयंत्राचा लोखंडी सांगाडा, दाभणं, दोऱ्याची रिळं आणि भिंतीला टेकलेले पुस्तकांचे गठ्ठे. बाटलीतला तयार गोंद त्यांना चालत नाही. मैद्याची खळच लागते, घरी शिजवलेली, आणि शिजताना तीत चिमूटभर मोरचूद. ही निळी पूड विषारी असते. ती घातली की पुस्तकाला कीड लागत नाही, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. "स्वयंपाकघरात विष कशाला?" हे मावशी लग्न झाल्यापासून म्हणत आलेली, आणि काका लग्न झाल्यापासून ऐकत नाहीत. एका न ऐकणाऱ्या माणसाशी इतकी वर्षं संसार केल्यावर बाईचा आवाज चढणार नाही तर काय?

त्यांची मुलगी, माझी ताई, इस्पितळात परिचारिका आहे. पाळ्या सारख्या बदलतात, म्हणून गेल्या वर्षी तिनं आपल्या लेकीला आजीआजोबांकडे ठेवलं. पोरीचं नाव आम्ही भिंगरी पाडलं, कारण ती एका जागी ठरत नाही. ठरते ती फक्त आजोबांच्या शेजारी. त्यांनी तिला एक छोटा कुंचला दिला आणि पुठ्ठ्याला खळ लावायला शिकवलं. पोर तासन् तास बसे, जीभ बाहेर काढून, एकाग्र.

आणि मग झुरळं आली. आधी ओट्याखाली एखाददुसरं, मग कपाटात, मग भरदिवसा पाण्याच्या पिंपावर मिशा हलवत. पाठोपाठ भिंगरीची छाती वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, पोरीला झुरळांचं वावडं आहे. त्यांची लेंडी, त्यांच्या अंगाचा कचरा हवेत मिसळतो आणि हिचा श्वास अडकतो. वर त्यांनी फवारा मारायलाही बंदी केली, त्यानंही तेच होतं.

ताई आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "आई, महिनाअखेरपर्यंत झुरळं गेली नाहीत तर मी हिला वसतिगृहात टाकते. मला दुसरा इलाज नाही."

"म्हणजे मी घाणेरडी?" मावशी कडाडली.

"मी असं म्हटलं का?"

"म्हणायला कशाला हवं? नाक बघ तुझं कसं आक्रसलंय!"

त्या दिवसापासून मावशीनं घर डोक्यावर घेतलं. डबे उकळत्या पाण्यात, फडकी उन्हात, ओट्याच्या फटींत पांढरं सिमेंट. खालच्या बिऱ्हाडाशी भांडण झालं, कारण मावशीच्या मते सगळी पलटण तिथल्या मोरीतून चढत होती. खालची बाई म्हणाली, "आमच्याकडे एक नाही हो! तुम्ही जरा झाडूनपुसून बघा." मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझीसुद्धा गेली, कारण मी तिच्या ओट्यावर ताट न घेता जेवेन.

शेवटी औषधवाल्याला बोलावलं. त्यानं बिजागऱ्यांशी, फटींशी औषधाचे बारीक ठिपके लावले. झुरळानं ते खायचं आणि बिळात जाऊन मरायचं. आठवडा गेला, ठिपके जसेच्या तसे. तो परत आला, ठिपक्यांकडे बघितलं, मग मावशीकडे.

"यांना दुसरीकडे पोटभर मिळतंय, बाई. म्हणून माझ्या औषधाला तोंड लावत नाहीत. काही उघडं राहतंय का बघा."

"माझ्या घरात? उघडं?" मावशीनं त्याला जिन्यापर्यंत पोचवला, पण शब्दांनी.

मात्र तो बोलला ते तिच्या डोक्यात रुतून बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघर सोडून बोळकांडीत शिरली. मला वरून फक्त गठ्ठा आपटल्याचा आवाज आला आणि मग अशी किंकाळी, की मी चपला न घालता खाली धावले.

गठ्ठ्यामागची भिंत हलत होती. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. नव्या बांधलेल्या पुस्तकांच्या पाठी कुरतडलेल्या, कोपरे खाल्लेले, पुठ्ठ्यावर काळी रवाळ घाण. बाजूला खळीचं पातेलं, कालचंच, कडेला साय धरलेलं, वर नुसती एक ताटली कलती ठेवलेली. काखेत कळसा म्हणतात तो हा.

"पण मोरचूद घालता ना तुम्ही?" मावशीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "मोरचूद असताना खातातच कशी?"

काका खाली मान घालून बसले होते. बोलली ती भिंगरी.

"आजोबा घालत नाहीत. मी एकदा बोट चाटलं ना, तेव्हापासून. ते विष असतं."

मावशीनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, निवळली. छे!

"बरं केलंत," ती म्हणाली. "पोरीसाठी सोडलंत, बरं केलंत. पण हे कोपरे? हे कधी दिसले तुम्हाला?"

काका पातेल्यावरची कलती ताटली सरळ करायला लागले.

"मी विचारतेय, कधी?"

"झाले काही आठवडे."

"आठवडे! मी इथं हात सोलून घेतले. खालच्या बाईशी जन्माचं वैर घेतलं. पोटची पोर मला गलिच्छ समजते. आणि तुम्हाला ठाऊक होतं? मूग गिळून बसलात?"

"सांगितलं असतं तर तू पातेलं फेकून दिलं असतंस," काका हळूच म्हणाले. "पातेलं गेलं की ही माझ्याजवळ कशाला बसेल?"

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. चीड आली. ज्या पोरीनं शेजारी बसावं म्हणून हा माणूस गप्प राहिला, त्याच पोरीचा श्वास रोज त्याच्या कानाशी शिट्टी वाजवत होता. आणि बोलणी खात होती कोण? मावशी!

"मला सांगता आलं नाही एकदा?" मावशी म्हणाली.

"तू ओरडतेस."

"मग काय करू? न ओरडता या घरात माझं कुणी ऐकलंय कधी?"



दुसऱ्याच दिवशी महिना संपला आणि ताई ठरल्याप्रमाणे रिकामी पिशवी घेऊन आली. मावशीनं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. नवऱ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "सांगा तिला." आणि काकांनी सांगितलं, कोपरे, आठवडे, सगळं. ताईचा चेहरा लाल झाला. तोफेचीच लेक ती. "बाबा, तुम्ही?" एवढंच म्हणाली, आणि तिनं वसतिगृहासाठी पोरीचे कपडे भरले. भिंगरी कुंचला सोडायला तयार नव्हती, तो तसाच मुठीत घेऊन गेली.

ती गेल्यावर काकांनी स्वतः गठ्ठे खाली उतरवले, कुरतडलेली पुस्तकं पुन्हा उसवली, बोळकांडीची भिंत धुतली. मावशीनं बोट लावलं नाही. दाराशी उभी राहून तोंडाचा पट्टा मात्र चालू ठेवला. खायला दुसरं काही उरलं नाही तशी झुरळं मुकाट औषधाच्या ठिपक्यांकडे वळली, आणि सुपलीभर मेलेली निघाली. ती सुपली मावशीनं खालच्या बिऱ्हाडासमोरून मुद्दाम सावकाश नेली. माफी मागायची होती की दाखवायचं होतं, मला अजून कळलेलं नाही.

सुट्टी लागली तशी ताई आली, एकटी. कपाटं उघडली, कागदाखाली हात घातला, दाबयंत्राच्या मागे वाकून बघितलं. तशीच गेली आणि दुसऱ्या दिवशी भिंगरीला घेऊन आली. पोरीच्या मुठीत तोच कुंचला होता.

काकांनी तिच्यासाठी बाजारातून गोंदाची बाटली आणून ठेवली होती. भिंगरीनं वास घेतला आणि बाटली बाजूला सारली. तेवढ्यात मावशी आतून आली आणि तिनं एक इवलंसं पातेलं दोघांच्या मध्ये आदळलं. वाफाळती खळ, मोरचुदाशिवाय, जेमतेम दुपार पुरेल एवढी. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतः शिजवलेली.

"आजची आज संपवायची. दिवे लागायच्या आत पातेलं घासून माझ्या हातात." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि पुन्हा काही दिसलं तर आधी मला सांगायचं. मी ओरडेन. ओरडले तरी सांगायचं."