काकूंचे बदाम

कुठं दूध तळाला लागल्याचा वास आला की मला तेरखेड्याजवळच्या आमच्या गावातली खव्याची भट्टी आठवते. पदवी झाल्यावर मी घरी सांगितलं, वर्षभर नोकरी नको, वडिलांच्या हाताखाली खवा करायला शिकते. आमच्याकडं शिकलेली पोरगी घरी थांबते ती स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासालाच, म्हणून आईनं गल्लीत तसंच सांगून टाकलं आणि वडिलांनी माझ्या हातात उलथनं दिलं. एका दुपारी शेजारच्या काकू माझ्या डोक्याला खुराक म्हणून भिजवलेले बदाम घेऊन आल्या, तर मी धुरात डोळे पुसत कढईत उलथनं फिरवत होते. आई घाईनं माझ्या आणि काकूंच्या मधे येऊन उभी राहिली. वडिलांनी चिमूटभर खवा बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, “अभ्यास न्हाय वैनी, खवा शिकतीय. खाऊन तर बघा.” काकूंनी चव घेतली आणि बदामाची वाटी आईच्या हातात देत म्हणाल्या, “मग ह्याचे पेढे वळा, अन् हे वरून लावा.” पुढं नोकरीच्या मुलाखतीत त्या वर्षाचं विचारलं, तेव्हा आईनं पढवलेलं अभ्यासाचं उत्तर अगदी ओठांवर होतं, पण तोंडातून वडिलांचंच वाक्य आलं.