बस आली की डबा बंद

कुंदामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. संदीप, तिचा मुलगा, एवढंच म्हणाला, “झोपेतच गेली गं, ताई.” रडू नंतर आलं. आधी मनात आलं, बरं झालं... केस मिटलेली बघून गेली.

मावशी इंग्लंडात, लेस्टरमध्ये घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, औषधं द्यायची. कंपनी पगार द्यायची तो त्यांच्या घरात असल्याच्या वेळाचा. एका घरातून दुसऱ्या घरी जायचा वेळ म्हणे तिचा स्वतःचा. आमच्या घरात युनिव्हर्सिटीची पायरी चढलेली पहिली मी. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. कामगारांच्या ट्रिब्युनलमध्ये कंपनीवर केस मीच घालायला लावली. तर या बाईने जबाबात आपणहून सांगून टाकलं, मी बसस्टॉपवर डबा खायचे! ज्याची सेवा करायची त्याच्या घरी जेवायचं नाही, हा तिचा नियम. स्वतःचा डबासुद्धा तिथे उघडायची नाही. कंपनीचा वकील तेवढंच धरून बसला. खात होत्या ना, मग ती सुट्टी झाली. आता सगळाच दावा बुडतो की काय, असं झालं.

“कुणी विचारलं होतं का तुला?” मी चिडले.

“खाल्लं ते खाल्लं. थंडीत उभ्याने खाल्लं, चोरून नाही.”

सुनावणीआधी तडजोड घडवणाऱ्या सरकारी बाईंचा फोन आला. स्पीकर लावून मी दुभाषी झाले. त्यांनी विचारलं, डबा निवांत खाता यायचा का? मावशी हसलीच. “त्यांना म्हणावं, बस आली की डबा बंद. घास तोंडात असला तरी. पुढच्या घरी बाबा लघवी धरून बसलेत, त्यांना काय सांगू, माझी पोळी राहिली?”

मी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला, लघवीसकट. पलीकडून आलं, “थँक यू, दॅट्स व्हेरी क्लिअर.” बाईंनी ते कंपनीपर्यंत पोचवलं, आणि सुनावणीच्या तोंडावर कंपनी नमली. वाटेतल्या वेळाचाही पगार द्यायला तयार झाली.

“स्टॉपवरचा पण?” मावशीने विचारलं.

“स्टॉपवरचा पण.”

तिने डोळे मिटून पाठ टेकली. इतकी सैल बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

नंतर एकदा आम्ही दोघी बेलग्रेव्ह रोडच्या स्टॉपवर होतो. तिने डबा उघडला, तेवढ्यात बस आली. मी उठले तर म्हणाली, “थांब गं. जाऊ दे ही. मागून दुसरी येते.”

डबा आता माझ्याकडे आहे. घाईघाईने दाबून दाबून झाकण एका बाजूने चेपलंय. परवा त्याच स्टॉपवर उघडला. बस आली, ड्रायव्हरने दार उघडून माझ्याकडे पाहिलं. मी हातानेच जा म्हटलं... तोंडात घास होता.